नावागावासह

सांगली, २० जानेवारी १९७४

प्रिय अक्का,
प्रभूच्या नावाने सलाम.

आधी बस, मग वाच. आपला कार्यक्रम मंजूर झाला! समुद्रापलीकडच्या ज्या मिशन केंद्राला मी दोन वर्षं पत्रांनी भंडावून सोडलं होतं, त्यांनी अखेर हात टेकले. ईस्टरच्या रविवारपासून दर पंधरवड्याला, संध्याकाळी सव्वासात वाजता, शॉर्टवेव्हवर पंधरा मिनिटं मराठी. आणि पंधराच्या पंधरा मिनिटं आपल्यासारख्या प्रापंचिकांची. फादर स्वतःच म्हणाले, "माझं प्रवचन तुम्ही चर्चमध्ये सोसता तेवढं पुरे." हळदीच्या अडतीतला कारकून रेडिओवर बोलणार म्हणून यार्डातले हमाल मला आत्तापासून सायेब म्हणू लागलेत.

नाव ठेवलंय 'शेजार'. चर्चमागच्या सामानाच्या खोलीत भिंतींना घोंगड्या टांगल्या, झाला स्टुडिओ. टेपरेकॉर्डर मोहिद्दीनचा. तोच रेडिओ दुरुस्तीवाला, मिरजेला आपल्या शेजारी राहायचा. म्हणतो, "तू फकस्त बोल गड्या, आवाजाचं माज्याकडं लागलं."

एक गाणं, एक गोष्ट आणि शेवटी उपकारस्मरण, असा बेत आहे. आईची पद्धत तुला आठवतेच. संत ज्यूडला नवस बोलला आणि तो पावला, की उपकार चारचौघांत नावागावासह सांगायचे, नाहीतर नवस फिटला असं आपण धरत नाही. आई चर्चमध्ये उभी राहून सांगायची. आता लोक रेडिओवर सांगतील.

तुझ्यावर एक काम. साताऱ्यात श्रोतामंडळ उभं कर. इस्पितळातल्या नर्सला नाही म्हणायची कुणाची छाती आहे?

तुझा,
पास्कल


सातारा, २ फेब्रुवारी १९७४

चि. पास्कल,
आशीर्वाद.

बसूनच वाचलं. आज आई हवी होती असं फार वाटलं.

श्रोतामंडळ झालं, वीस माणसं आहेत. माझ्या ट्रान्झिस्टरवर शॉर्टवेव्हची नुसती खरखर. आमच्यात नीट लागणारा सेट एकाच घरी आहे, आप्पासोंच्या. ते सैन्यात सिग्नल्समध्ये हवालदार होते, आता चर्चच्या मंडळाचे सेक्रेटरी आहेत. मी कुणाला विचारायच्या आतच ते इस्पितळात माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "सिसिलिया सिस्टर, मंडळ माज्याच वट्यावर बसंल. लोकांस्नी तसं सांगा." नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

माणूस गोड बोलतो, सगळ्यांच्या मदतीला धावतो. बायको बेळगावला आजारी आईकडे गेलीय म्हणून सांगतो, त्याला आता वर्ष होईल. तिच्या चपला अजून दाराबाहेर आहेत. काल एरियल बांधायचं म्हणून गेले तेव्हा तो त्या फडक्यानं पुसत होता. मला म्हणाला, "आली म्हंजी लागत्याल की." त्या ओट्यावर बसणं माझ्या जिवावर येणार आहे, पण ते माझं मी बघेन.

एक ऐक. चर्चमध्ये नावगाव सांगतात ते ठीक, कारण तिथं समोर कोण बसलंय ते दिसतं. रेडिओवर दिसत नाही. नाव ठेव हवं तर, गाव गाळ.

तुझी,
अक्का


सांगली, ५ मार्च १९७४

प्रिय अक्का,
सलाम.

तू म्हातारी झालीस! गाव गाळलं तर लोक म्हणतील, ह्यांनी घरी बसून रचलं. आईनं कधी गाव गाळलं होतं का?

पहिली टेप तयार झाली. रविवारी ध्वनिमुद्रण केलं, काल पार्सल विमानटपालानं गेलंसुद्धा. अक्का, उपकारस्मरण असं झालंय की मोहिद्दीननं चष्मा काढून डोळे पुसले आणि वर मलाच दरडावलं, की घोंगड्यांची धूळ झटकत जा.

तासगावला फादर महिन्यातून एकदा एका घरी मिस्साविधी करतात. तिथं राहीबाई नावाची बाई भेटली. बेदाण्याच्या शेडवर द्राक्षं वाळत घालते, बेदाणा निवडते. अंगानं काडी, वय तिशीच्या आसपास. मिस्सा झाल्यावर थांबून म्हणाली, नवस फेडायचाय, कुणापुढं सांगू? मी तिला सांगलीला आणलं. ती काय बोलली ते तुला जसंच्या तसं लिहितो.

"मी राहीबाई. मूळची साताऱ्याची. आता तासगावात शालूबाईंच्या शेडवर हाय. म्या संत ज्यूडला बोलले हुते, मला एक वरीस निवांत झोप दे. मार नगो, शिवी नगो, कडी वाजली की दचकून उठनं नगो. दिली त्यानं. म्हनून म्या माज्या तोंडानं, माज्या नावानं सांगतीया."

कोण मारत होतं ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. बाप दारुडा असणार. बोलताना पदर जरा सरकला तेव्हा केसांत वीतभर पांढरा वण दिसला. पुढं तिनं आईच्या वेळचं मारियेचं गाणं म्हटलं, न चुकता. सगळं मिळून सहा मिनिटं. ही सहा मिनिटं आपला कार्यक्रम तारणार बघ.

तुझा,
पास्कल


सातारा, ९ मार्च १९७४

पास्कल,

त्या बाईचं बोलणं कार्यक्रमातून काढ. सगळं काढ, नाव, गाव, गाणंही. केंद्राला आजच तार कर. मी कुणाला तरी शब्द दिलाय म्हणून कारण लिहीत नाही, पण मी कधी उगाच घाबरत नाही हे तुला माहीत आहे.

त्या बाईला पुन्हा सांगलीला आणू नकोस. तिच्याबद्दल कुणाशी बोलूही नकोस.

अक्का


सांगली, १४ मार्च १९७४

अक्का,
सलाम.

तुझं पत्र मिळालं. काढ म्हणजे काय? सहा मिनिटं काढली तर नऊ उरतात. केंद्रानं स्पष्ट लिहिलंय, पहिली टेप अपुरी आली तर वेळ दुसऱ्या भाषेला देऊ. दोन वर्षांची धडपड एका तारेनं मातीत घालू?

आणि कारण सांगणार नाहीस. मग मी आपलं ओळखतो. तुझ्या मंडळातल्या बायकांना शेडवरच्या मजूर बाईचा आवाज खुपणार असेल. बायका असलं घरचं बोलत नाहीत, असं कुणी तरी म्हणालं असेल. तसं असेल तर मला लाज वाटते, तुझी नाही, त्यांची. येशू कुणाच्या घरी जेवायला गेला होता ते त्यांना विचार.

दुखावलं असेल तर माफ कर. पण टेप तशीच राहील.

पास्कल


सातारा, १८ मार्च १९७४

पास्कल,

मी दिलेला शब्द आज मोडतेय. हे पत्र वाचून जाळ.

राहीबाई आप्पासोची बायको आहे.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत दुपारच्या वेळी तोच तिला इस्पितळात घेऊन आला. पायरीवरून घसरली म्हणाला. डोकं फुटलं होतं, मी अकरा टाके घातले. सगळा वेळ त्यानं तिचा हात हातात धरला होता आणि प्रार्थना म्हणत होता. आमच्या नर्स मुली म्हणाल्या, नवरा असावा तर असा. तो पाणी आणायला उठला तेवढ्यात ती माझ्या कानाशी म्हणाली, "सिस्टर, तिसरा डाव हाय. आता म्होरल्या डावाला मी जित्ती ऱ्हात न्हाई."

आठवड्यानं टाके काढायला आली. तो पुढच्या दारात बसला होता. मी टाके काढले आणि मागच्या दारानं तिला स्टँडवर नेऊन तासगावच्या गाडीत बसवलं. शालूबाई माझ्या एका जुन्या पेशंटची बहीण. बाई एकटी आहे, काम द्या, एवढंच मी तिला कळवलं. परत येऊन त्याला सांगितलं, ती केव्हाच गेली. तो हसला. "बरं बरं," म्हणाला. त्या दिवसापासून तो दर रविवारी मिस्सेनंतर मला विचारतो, "काय खबर, सिस्टर?" आणि कशाची ते कधीच बोलत नाही.

ईस्टरला तो सेट त्याच्या मांडीवर असणार आहे. आता तरी तार कर. आणि तासगावला जाऊन तिला सांग, म्हणजे शालूबाई तिला दुसरीकडे हलवेल. मी इथून निघाले तर तो माझ्या मागे येईल, आणि शालूबाईला वाचता येत नाही, पत्र ती दुसऱ्याच कुणाकडून वाचून घेईल.

कार्यक्रम गेला तर जाऊ दे. मी तुझ्या पाया पडते.

अक्का


सांगली, २५ मार्च १९७४

प्रिय अक्का,
सलाम.

पत्र जाळलं. काय लिहू? मला हे काहीच माहीत नव्हतं. जे टाकून बोललो ते परत घेतो.

तार केली. तू आता निर्धास्त राहा. त्यांच्याकडे जुनी गाणी पडलेली असतात, सहा मिनिटं भरून काढतील.

तासगावला ईस्टरनंतर जाईन म्हणतो. यार्डात नव्या हळदीची गर्दी आहे, रजा मिळत नाही. आणि टेपमधून नाव गेलंच आहे तर तिला उगाच कशाला घाबरवायचं? वर्षभर कुठे ती नीट झोपतेय.

मोहिद्दीननं दुसऱ्या कार्यक्रमाची टेप पूर्ण केली. तीही परवा रवाना झाली. ईस्टरला ओट्यावर ताठ मानेनं बस. तुझ्या भावाचा आवाज ऐकशील.

तुझा,
पास्कल


सातारा, १५ एप्रिल १९७४

पास्कल,

सकाळी तुला तार केलीय. ती मिळाली असेल तर हे पत्र वाचत बसू नकोस, तासगावला जा.

काल बावीस माणसं होती. आप्पासोनं खुर्च्या मांडल्या, सगळ्यांना सरबत दिलं. सव्वासातला स्टेशन लागलं, इतकं स्वच्छ की लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुझा आवाज आला. खोटं कशाला सांगू, मला भरून आलं. तू तार केल्याचं लिहिलं होतंस, म्हणून मी निवांत बसले होते. तिथं, त्याच्या शेजारी.

मग ती बोलली. "मी राहीबाई."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्यानं आवाज थोडा वाढवला. खिशातून पेन्सिल आणि वही काढली आणि खाली मान घालून ती बोलेल ते लिहून घेऊ लागला, जसं सैन्यात निरोप लिहून घेतात तसं. साताऱ्याची. तासगाव. शालूबाईंचं शेड. मला त्याची वही दिसत होती, अक्षर मोत्यासारखं. मार आणि शिवी हे शब्द आले तेव्हा पेन्सिल थांबली. गाणं सुरू झाल्यावर त्यानं वही मिटली.

कार्यक्रम संपल्यावर तो उठून म्हणाला, "ऐकलंसा न्हवं समद्यांनी? माज्या सासूच्या घरात तिला लय तरास झाला. लाजंनं पळून गेली, मी कुनाला बोललो न्हाई. आज देवानं तिच्याच तोंडानं मला सांगावा धाडला." दोघीतिघी रडल्या. तो गुडघ्यावर बसला आणि सगळ्यांना बसवलं. पास्कल, मीही बसले. मला उभं राहून ओरडायला हवं होतं.

सकाळी सहाला त्याच्या घरावरून गेले. दाराला कुलूप होतं आणि चपला जागेवर नव्हत्या.

तू लिहिलं होतंस की तार केली.

अक्का


सांगली, २० एप्रिल १९७४

अक्का,

तार मी केली नाही.

पोस्टात गेलो होतो, फॉर्मही लिहिला होता. खिडकीशी माझा नंबर आला आणि मी मागच्या माणसाला पुढं जा म्हटलं. मनाशी म्हणालो, त्या दिवशी खरखर असेल, त्याचा सेट बिघडेल, तो गावाला गेलेला असेल. मला कार्यक्रम हवा होता. ह्यापेक्षा दुसरं कारण नाही, आणि शोधूनही सापडत नाही.

आणखी एक तुला लिहिलं नव्हतं. टेप सुरू करायच्या आधी तिनं मला विचारलं होतं, "दादा, हे साताऱ्यात ऐकू येतंय का वो?" मला वाटलं बुजतेय. मी म्हणालो, "छे, हे समुद्रापलीकडून लागतं. तिकडचे लोक ऐकतात." तेव्हा ती पहिल्यांदा हसली, आणि मग मोकळेपणानं बोलली. मोहिद्दीन साक्षीला होता. सगळं कळल्यापासून तो माझ्याशी बोलत नाही. टेपरेकॉर्डर परत घेऊन गेला.

सोमवारी आम्ही सगळे स्वयंसेवक ईस्टरचं जेवण करायला नदीकाठी गेलो होतो. तुझी तार संध्याकाळी हातात पडली. मंगळवारी पहिल्या गाडीनं तासगावला पोचलो. तो सोमवारी दुपारीच येऊन गेला होता.

शालूबाईला काहीच ठाऊक नव्हतं. ती आनंदानं सांगायला लागली. "आवं, काय देवमानूस! बायकूच्या चपला रुमालात बांदून आनल्या हुत्या. समद्या बायांच्या म्होरं खाली बसला नि सोताच्या हातानं तिच्या पायात घातल्या की वो! आमच्या तर डोळ्याला पानी आलं."

मी विचारलं, राही काय म्हणाली?

"कायबी न्हाई. बेदाना निवडत हुती. हातातलं खाली ठिवलं, हात धुतलं नि उटली. आमी वटी भरली तिची. एवढी खुशीची गोष्ट, पर लाजंनं तिला हुभं ऱ्हावंना. दोगींनी धरून गाडीत बसवली."

मी पुढच्या गाडीनं परत आलो.

काल केंद्राकडून पत्र आलं. पहिला कार्यक्रम फार आवडला, वर्षभराची वेळ पक्की केलीय. आणि आज हे कार्ड आलं, तसंच उतरून देतो. "आपल्या 'शेजार' कार्यक्रमाच्या कृपेने माझे कुटुंब मला परत मिळाले. संत ज्यूडचे उपकार. कृपया पुढील कार्यक्रमात हे नावागावासह वाचावे. आपला नम्र श्रोता, आप्पासो, निवृत्त हवालदार, सातारा."

मी काय करू, अक्का? तू सांगशील ते करीन.

पास्कल


सातारा, २४ एप्रिल १९७४

पास्कल,

तुझ्या पत्राला एक उत्तर लिहिलं होतं, ते फाडलं. त्यात नुसता राग होता, आणि रागानं तिला काही मिळणार नाही. शिवाय शालूबाईला मी खरं सांगितलं असतं तर तिनं राहीला त्या गाडीत बसवली नसती. तेवढी चूक माझी आहे.

काल मी त्याच्या घरी गेले. त्यानंच दार उघडलं. "राही, सिस्टर आल्यात," म्हणून आत हाक मारली. ती चहा घेऊन आली. पदर कपाळापर्यंत ओढलेला, उजवा हात पदराखाली. कप तिनं डाव्या हातानं ठेवला. मी हात बघू म्हटलं. तो मध्येच म्हणाला, "तिनं मौन धरलंया, सिस्टर. नवस हाय." ती आत गेली आणि बाहेरून कडी त्यानं घातली, माझ्यादेखत, माझ्याशी हसत बोलत.

तिथून इथल्या फादरांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "बावीस माणसांनी ऐकलंय की तिनं स्वतःहून ठावठिकाणा सांगितला. नवरा न्यायला गेला, ती आली. मी कशाच्या आधारावर मध्ये पडू?" गावात सगळे हेच म्हणतात. तिनंच बोलावलं. कानांनी ऐकलंय म्हणतात.

तर आता ऐक. रविवारी अठ्ठावीस तारखेला तुझा दुसरा कार्यक्रम आहे. ती टेप तिकडे पोचलेली आहे, लागू दे. ह्या वेळी चाळीसएक माणसं येतील, कारण आप्पासो घरोघर सांगत फिरतोय. सेट लागला, की मी उठून आतल्या दाराची कडी काढणार आहे. राहीला विचारणार आहे, माझ्याबरोबर येतेस का म्हणून. तो मला सगळ्यांसमोर अडवेल, आणि अडवलं तर मी अकरा टाक्यांपासून सगळं मोठ्यानं सांगेन.

पण माझं खरं मानतील असं मला वाटत नाही. लोक म्हणतील, सिस्टरचं डोकं फिरलं, बाईनं तर स्वतः बोलावलं. तिनं बोलावलं नव्हतं हे ज्याच्या तोंडून लोक मानतील असा माणूस एकच आहे. ती साताऱ्याबद्दल विचारत होती तेव्हा तिच्यासमोर तू बसला होतास. तू त्या ओट्यावर उभं राहायचंस आणि सांगायचंस, "ती ह्या घराला घाबरून लपली होती आणि मी तिला फसवलं." तुझा आवाज सगळे ओळखतात. नंतर कार्यक्रम राहील की जाईल ते मला माहीत नाही, आणि मी त्याचा विचारही करणार नाही.

तू आला नाहीस तरी मी कडी काढणार आहे. पण मग मी एकटीच असेन, आणि रविवार संपल्यावर तिच्याबरोबर त्या घरात कोण असेल ते तुला सांगायला नको.

ह्या पत्राला उत्तर लिहू नकोस. ये.

सिसिलिया